बदलीचा माणूस

पावणेदोनच्या सुमारास गोविंदराव डबा घेऊन औषधांच्या कारखान्याच्या गेटवर आले, तेव्हा वॉचमननं हात आडवा घातला. महिन्यापूर्वीच त्यांनी बॉयलरवरच्या नोकरीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. स्वेच्छा नेमकी कुणाची, हे तिथं कुणी कुणाला विचारत नसे. सरकारनं कारखाना खाजगी मालकाला दिला आणि निम्मी माणसं घरी बसली. गरज सरो, वैद्य मरो.

"पंडितजी, आपका नाम तो कट गया ना?"

"नाम कट्या मियाँ, हाताँ तो हैं ना," म्हणत गोविंदराव आत शिरलेसुद्धा.

बॉयलरपाशी उत्तमराव उभे होते. डोळा बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेवर, कान दाराकडे. त्यांच्या बायकोचं, पंचफुलाचं, चार वाजता हृदयाचं ऑपरेशन होतं. "आत न्यायच्या आधी एकदा तोंड दाखवा," एवढंच तिनं सकाळी मागितलं होतं आणि उत्तमरावांनी शब्द दिला होता. पण दुसऱ्या पाळीचा किशोर नव्या कंपनीत मुलाखतीला गेला होता, तो काही येणार नव्हता. वर औषधाचा घाणा चालू, वाफ तोडायची सोय नाही. आणि पेटलेला बॉयलर, दुसऱ्यानं ताब्यात घेतल्याशिवाय, सोडून जायचा नसतो.

किशोरचं हे गोविंदरावांना सकाळी चिक्कडपल्लीच्या बाजारात त्याच्या भावाकडून कळलं. ऑपरेशनचं त्यांना ठाऊक होतंच; उत्तमराव आज कुठं अडकणार, हे त्यांना तिथंच उमगलं. भाजीची पिशवी त्यांनी घरात टाकली आणि बायकोला डबा भरायला सांगितला.

आता बॉयलरपाशी येऊन गोविंदरावांनी काचेखालचा नळ उघडला. काचेतलं पाणी सगळं उतरलं. नळ बंद केला, तसं ते पुन्हा आपल्या जागी चढलं; काच खोटं सांगत नव्हती. सख्खा भाऊ सांगत असला तरी पाणी स्वतः बघायचं, मगच पाळी घ्यायची, हा दोघांचा शिरस्ता होता.

"घेतला. जा तुम्ही."

"गोविंदराव, तुमचं नाव न्हाई इथं. काही इपरीत झालं तर तुमच्यावर यील."

"आलं तर बघू. वहिनी दाराकडं बघत असतील. निघा हो!"

उत्तमरावांचा पाय निघेना. मग एकदम निघाले, तेलकट शर्टही न बदलता.

गोविंदराव स्टुलावर बसले. हात आपसूक पंपाच्या व्हॉल्व्हवर गेला. महिनाभर घरात कुणाच्या ना कुणाच्या पायात येत असलेल्या त्या माणसाला बरं वाटलं. तिकडं दवाखान्यात एका बाईचा जीव टांगणीला आणि आपल्याला बरं वाटतंय, याची लाजही वाटली. डबा तसाच राहिला.

दिवेलागणीला दारात कुणीतरी उभं राहिलं. तोच तेलकट शर्ट.

"अहो, तुम्ही कशाला आलात? वहिनींजवळ बसायचं ना."

उत्तमराव सरळ काचेपाशी गेले. त्यांनी नळ उघडला. पाणी उतरलं, पुन्हा चढलं. त्यांनी ते नीट पाहून घेतलं.

"भेट झाली," ते म्हणाले. "माझा हात धरला तिनं. जेवलाव का म्हणून विचारलं." मग नळ घट्ट आहे ना, ते त्यांनी पुन्हा चाचपलं. "आत नेलं, अन् तिथंच गेली."

गोविंदराव ताडकन उठले. जे तोंडात आलं तेच बोलले.

"मग इथं का आलात, उत्तमराव?"

"लेक हाय तिच्यापाशी, शिवानी. तिचे मामा बी आलेत. माती उद्या सकाळी." त्यांनी खांद्यावरच्या फडक्यानं काच पुसली. "तुमाला सोडवायला हितं कुनीच न्हवतं ना. घेतला मी. जा तुम्ही."

एकानं घेतला म्हटलं की दुसऱ्यानं मागं वळून न बघता निघायचं, हाही शिरस्ताच होता. इतक्या वर्षांत गोविंदरावांनी तो कधी मोडला नव्हता.

त्यांनी स्टूल ओढून उत्तमरावांच्या मागं ठेवलं. खांद्याला धरून त्यांना त्यावर बसवलं, काचेकडं पाठ करून.

"बसा," ते म्हणाले. "पाण्याकडं मी बघतो."