काचेवरचं रक्त

"पुन्हा तुझंच!" मोठ्या सरांनी अहवाल टेबलावर आपटला. "काचेवरच्या रक्ताचा डीएनए तुझ्याशी तंतोतंत जुळतोय. अगं, हातमोजे घालायचे असतात, खिशात ठेवायचे नसतात!"

चिमटी रडकुंडीला आली. पेनसुद्धा चिमट्याने उचलेल इतकी जपून काम करणारी, म्हणून प्रयोगशाळेने तिला हे नाव दिलेलं. इथे काम करणाऱ्या प्रत्येकाच्या डीएनएचा नमुना आधीच घेऊन ठेवतात. कुणी पुराव्यात स्वतःची भर घातली तर पकडता यावं म्हणून. ती अजून शिकाऊच होती. असा घोळ दोनदा झाला की घरचा रस्ता, आणि काचेचा हा दुसरा तुकडा होता. आणि घर म्हणजे अनाथाश्रम. तिथल्या माईंनी तर तिच्या नोकरीची बातमी गावभर केलेली. आता कुठल्या तोंडाने परत जायचं?

प्रकरण आगीचं होतं. कुणीतरी खिडकीची काच फोडून दोन लेकरं बाहेर काढली आणि रक्ताळल्या हाताने गर्दीत नाहीसं झालं. लेकरांची आई त्या माणसाचे पाय धरायला आसुसली होती. पोलिसांकडे तिने नुसता धोशा लावला होता.

"सर, मी मास्क लावला, मोजे दोनदा बदलले, सील तुमच्यासमोर फोडलं," चिमटी म्हणाली. "मी चुकले नाही. काचेचा एक तुकडा अजून सीलबंद आहे. तो तुम्हीच तपासा. मी खोलीत पाऊलही टाकत नाही."

"माझीच परीक्षा घेतेस होय!" सर गुरगुरले, पण त्यांनी मोजे चढवले.

दुसऱ्या दिवशी ते बाहेर आले ते डोकं खाजवतच.

"तुझंच रक्त. आणि पाकिटाला तू हातही लावलेला नाहीस." मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "गधडे, आगीत शिरलेली तूच ना? सांगायचं नाही होय!"

सगळे टाळ्या वाजवू लागले.

"अहो, मी नव्हते!" चिमटीने दोन्ही हात पुढे केले. साधा ओरखडाही नव्हता.

सर त्या हातांकडे बघतच राहिले. "ते काहीही असो, काम तुझं चोख आहे. नोकरी पक्की!"

चिमटीला आनंदाने रडूच फुटलं. माईंना कधी सांगते असं तिला झालं.

इतक्यात शिपाई धावत आला. "सर, त्या लेकरांना वाचवणारी सापडली! पोलीस तिला नमुना द्यायला घेऊन आलेत..." चिमटीला बघून त्याने गर्रकन मागे वळून दाराकडे पाहिलं.

दार उघडलं, आणि हाताला बँडेज बांधलेली दुसरी चिमटीच आत आली.