जावकला पडलेलं पत्र

आमच्या कार्यालयातून बाहेर जाणारी सगळी पत्रं एकच माणूस पाठवायचा, जावकचे काका. पत्रं वेळेवर जात नाहीत म्हणून साहेबांनी त्यांना निलंबित केलं. रीतसर चौकशी झाली आणि काका निर्दोष ठरले. आता फक्त रुजू होण्याचं लेखी पत्र हातात पडायचं होतं, तोवर अर्ध्या पगारावर घरी. महिना झाला तरी पत्र येईना. शेवटी काकांनी फोन केला.

“साहेब, माझं पत्र?”

“सही करून कधीच जावकला दिलंय.”

“पण जावकला मीच असतो ना.”

“तेच तर. तुम्ही नाही म्हणून पडून आहे.”

“मग येऊन घेऊन जाऊ का?”

“निलंबित माणसाला आवारात येता येत नाही. नियम वाचत चला हो जरा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब स्वतः काकांच्या दारात हजर. काकूंनी लगबगीने चहा टाकला. साहेबांनी पाकीट दिलं, पोच म्हणून सही घेतली आणि शांतपणे म्हणाले, “नोटीस आहे, ती समक्षच द्यावी लागते. निर्दोष ठरल्यापासून तुम्ही महिनाभर गैरहजर आहात.”