पुढे ढकलतं कोण?

"सर, धावणाऱ्याला पुढे ढकलतं कोण?" मैत्रिणींनी पैज लावली म्हणून शलाकाने भर तासात विचारलं. वर्ग खिदळला. दहावीसाठी तिचं धावणं बंद, असं आईबाबांनी कालच ठरवलं होतं.

विज्ञानाचे सर मात्र सगळ्यांना मैदानावरच घेऊन गेले. "सुटताना वाकलेलीच राहा. जमिनीला पायाने मागे रेट. जितकं तू रेटशील, तितकंच ती तुला पुढे रेटेल."

शलाका सुटली. लाल माती मागे उडाली आणि पावलागणिक वेग वाढतच गेला. एवढी मोठी पृथ्वी एका पोरीला ढकलतेय! तिच्या अंगावर काटा आला.

घरात शिरतानाच तिने जाहीर केलं, "आई, बाबा, अभ्यास करीन, पण धावणं सोडणार नाही. अख्खी पृथ्वी मला रेटतेय, तुम्ही फक्त आडवे येऊ नका!"