कापरावरचा हात

नागोजीमामांनी पितळेच्या ताटलीत सूडम ठेवलं आणि काडेपेटीसाठी खिसे चाचपले. कापराला या घरात सूडमच म्हणायचे. तंजावरहून येताना मामांनी त्याचा अख्खा डबा आणला होता.

“गुरू, ये डा. देवासमोर उभा राहा,” ते म्हणाले. “पेटलेलं सूडम तळहातानं विझवायचं आणि देवाच्या शपथेनं सत्य करायचं, पुन्हा सुईला शिवणार नाही म्हणून. मोडलंस तर पाप तुझ्या आईला लागेल.”

गुरुराज उठला. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येऊन त्याला आठवडा झाला होता. चेन्नईतल्या वेलचेरीच्या त्या फ्लॅटमध्ये पंखा गरम हवाच ढवळत होता, तरी त्याच्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत होत्या.

“आधी बाही वर कर,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. रोज सकाळी कॉफीच्या आधी त्या लेकाला हेच सांगायच्या. त्यानं बाह्या वर केल्या. त्यांनी चष्मा लावून दोन्ही हात पाहिले. “सरी, ठीक आहे.”

बाह्या खाली आल्या. पण गुरुराजचा अंगठा कोपराच्या आतल्या खळगीवर गेला आणि कापडावरूनच तिथे फिरत राहिला.

हेमलतानं भावाचा तो अंगठा पाहिला. प्रयोगशाळेत ती असलंच काही रोज पाहत असे. पिंजऱ्यातली कळ दाबायला धावण्याआधी उंदीर नुसता तिच्या कोपऱ्याकडे नाक वळवतो.

“मामा, थांबा.”

“का? तुझ्या सायन्सला सूडम चालत नाही वाटतं?”

“चालतं. हात कुणाचा ठेवायचा, ते आधी ठरवू या. माझ्याकडचे उंदीर ठाऊक आहेत ना?”

“ठाऊक आहेत. तुझ्या लग्नाची बोलणी करताना तेवढं लपवतो मी.”

हेमलता हसली. “कळ दाबली की त्यांना नशेचं औषध मिळायचं. मग आम्ही औषध बंद केलं. दाबून दाबून कंटाळले आणि त्यांनी कळ सोडली. नंतर कितीतरी दिवस तिच्याकडे फिरकले नाहीत. मग एकदा त्यांच्या पायांना विजेचा बारीक झटका दिला. नुसता झटका. सगळे पुन्हा कळीवर तुटून पडले.”

“मुलाची उंदराशी बरोबरी करतेस?”

“डोक्यातलं रसायन दोघांचं एकच आहे, मामा. भीती वाटली, कोंडी झाली की ते सुटतं आणि जुन्या वाटेला ओढून नेतं. दुसरं औषध देऊन ते रसायन अडवलं, तर झटका बसूनही उंदीर जागचा हलत नाही. हेही मी पाहिलंय.”

“मग तेच औषध दे ना गं याला,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

“माणसासाठी ते अजून झालेलं नाही, अम्मा.”

“मग काय उपयोग तुझ्या शिक्षणाचा?” मामा म्हणाले.

“या घरात झटका कोण देतं, ते कळलं.”

खाली रस्त्यावर शेअर ऑटोवाला गिंडी, गिंडी म्हणून ओरडत होता.

“अक्का, राहू दे,” गुरुराज हलक्या आवाजात म्हणाला. “मी करतो सत्य. सगळ्यांना बरं वाटेल.” अंगठा अजून कोपरावरच होता.

“तू बस.”

तिनं मामांच्या हातातून काडेपेटी घेतली, सूडम पेटवलं आणि ज्योतीवर आपला तळहात मारला. “तो अंघोळीला गेला की मी त्याचे खिसे बघते. यापुढे बघणार नाही.” डब्यातली दुसरी वडी ताटलीत पेटवून तिनं ताटली आईपुढे सरकवली.

अन्नपूर्णाबाई ताटलीकडे बघत राहिल्या. “आणि यानं पुन्हा सुरू केलं तर?”

“तर पुन्हा केंद्रात नेऊ. पुन्हा घरी आणू. पण घर पिंजऱ्यासारखं ठेवायचं नाही. एवढं मी खात्रीनं सांगते.”

ज्योत निम्मी खाली आली. अन्नपूर्णाबाईंनी लेकाकडे पाहिलं. मग डोळे मिटून तळहात दाबला. “बाही वर कर म्हणणार नाही,” त्या पुटपुटल्या.

“झालं?” मामा म्हणाले. “आता माझ्याकडे काय बघता? मी काय केलं?”

“तुम्ही रोज फोन करता, मामा,” गुरुराज म्हणाला. “आज तरी शुद्धीत आहे का, विचारता. इकडे सगळं ऐकू येतं.”

मामांनी कपाळावरचा घाम पुसला. एक वडी काढली, पेटवली आणि जोरात हात मारला. “अय्यो.”

“काय सत्य केलंत?” हेमलतानं विचारलं.

“ते माझं मी बघेन.”

गुरुराज आत गेला आणि फ्रिजमधून दह्याची वाटी घेऊन आला. हेमलता नळाचं पाणी बरं म्हणणार होती, पण गप्प राहिली. तिघांनी काजळलेले तळहात त्याच्यापुढे धरले. तो बोटांनी दही लावू लागला. आधी मामा, मग अक्का. आईची पाळी आली तेव्हा वाटीत थोडंच उरलं होतं. तळातलं काढताना त्याची बाही दह्यात बुडाली.

अन्नपूर्णाबाईंनी तोंड उघडलं. आणि मिटलं.

गुरुराजनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग बाहीकडे. त्यानं वाटी खाली ठेवली. दोन्ही बाह्या सावकाश दुमडत कोपराच्या वर नेल्या आणि वाटी पुन्हा उचलली.

“इथे,” अन्नपूर्णाबाई आपल्या तळहातावरची नजर न हलवता म्हणाल्या, “अंगठ्याखाली राहिलं बघ.”