जागा मोकळी करणे

"जगात कुठलंच काम मोठं नसतं. ते नीट फोडलेलं नसतं, एवढंच," असं हरिओमने जाहीर केलं आणि भिंतीवर तक्ता चिकटवला. तक्ता पडला. मग त्याच्या बायकोने, शिवकन्याने, भाताची चार शितं आणून दिली, त्यांवर तो टिकला.

तक्त्यात सगळ्यात वर एकच चौकट होती : वसतिगृह. लातुरात त्यांच्या गल्लीत क्लासच्या पोरांसाठी तीन वसतिगृहं उभी राहिली होती. घराशेजारच्या मोकळ्या जागेत चौथं, तीन मजली, हरिओमचं व्हायचं होतं. पुण्याला ट्रेनिंगमध्ये तो शिकून आला होता की वरची चौकट फोडत खाली यायचं, आणि एका माणसाच्या अंगावर टाकता येईल एवढा तुकडा झाला की खाली त्याचं नाव लिहून थांबायचं.

इमारत फुटली. पाणी फुटलं. खाटा, कपाटं, मेसची भांडी फुटली. बांधकामाचे गुत्तेदार गुरुपादप्पा नावं सांगत गेले, हरिओम लिहीत गेला. 'जागा मोकळी करणे'च्या खाली 'पत्र्याची शेड काढणे' आलं.

"हे तुमच्याकडं," हरिओम म्हणाला.

"पत्रे काढायला काय, अर्धा दिस बी लागत न्हाई," गुरुपादप्पा म्हणाले. "पण पत्र्याखाली तुमचे अण्णा हायत. त्यांना कोण काढतंय?"

हरिओमचे वडील शेषेराव त्र्याण्णवच्या भूकंपाच्या त्या पहाटेपासून स्लॅबखाली आले नव्हते. जेवणसुद्धा खिडकीतून घ्यायचे.

"नाव सापडत नाही म्हणजे चौकट अजून मोठी आहे," हरिओम म्हणाला आणि खाली लिहिलं : अण्णांना सांगणे. त्याने बायकोकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय बघून राहिले? तुमचे वडील हायत."

त्याखाली 'विषय काढणे' आलं. त्यालाही नाव मिळेना. त्याखाली 'मूड बघणे'. गुरुपादप्पा पंख्याकडे बघू लागले. कागद संपला, तेव्हा जुन्या कॅलेंडरचं पान जोडून हरिओमने लिहिलं : चहा नेऊन देणे.

"हां, तिथं लिहा माझं नाव," शिवकन्या म्हणाली.

प्रकल्पाला सुरुवात झाली.

ती चहा देऊन परतते न परतते तोच अण्णा कप घेऊन खिडकीबाहेर उभे राहिले.

"पत्र्याआड सगळं ऐकू येतंय रे. आण इकडं तो कागद."

हरिओमने तक्ता भिंतीवरून काढून खिडकीच्या गजांशी धरला. अण्णांनी खालून वर बोट फिरवलं. "चहा झाला. मूड तू आता बघूनच राहिलायस. विषय मीच काढला. ऱ्हायलं सांगायचं. सांग."

हरिओमने तक्त्यावर 'अण्णांना सांगणे'च्या शेजारी रिकामी जागा शोधली. हे काम आणखी कसं फोडतात, ते पुण्यात शिकवलं नव्हतं.

अण्णांनी कप खिडकीत ठेवला. मग म्हणाले, "काढ पत्रे. पण भंगारात न्हाई द्यायचे. तुझा शेवटचा स्लॅब पडला की वर गच्चीत टाक. मी तिथं निजतो."

"अण्णा, तिसऱ्या मजल्याच्या वर?"

"मग? पडलं तर मी त्याच्यावर पडीन. ते माझ्यावर पडणार न्हाई."

"हिशेब बरोबर हाय," गुरुपादप्पा म्हणाले.

हरिओमने तक्ता परत भिंतीवर चिकटवला आणि पेन उचललं. 'वसतिगृह'च्या वर कागद उरला नव्हता, म्हणून त्याने भिंतीवरच चौकट काढली आणि आत लिहिलं : अण्णा. डोळे पुसूनच तो खिडकीकडे वळला.

"अजून काही, अण्णा?"

"एकच. त्या पोरांना आधीच सांगून ठेव," अण्णा म्हणाले, "ओल्या चड्ड्या माझ्या बाजेवर वाळू घालायच्या न्हाईत."