स्वागतपर चार शब्द

बदलीचे अर्ज करून करून काशीनाथ गुरुजी थकले होते. ते उधव्याच्या शाळेत आणि बायको-मुली चिंचणीला. धाकटी तर त्यांना पाहुणाच समजायची. अशात कळलं की दिवाळीनंतर मोठे साहेब शाळा बघायला येणार आहेत, मद्रासकडचे, मराठी अजिबात न कळणारे.

"मनोरमा, साहेबांशी इंग्रजीत चार शब्द बोललो ना, की झालीच बघ बदली," गुरुजी बायकोला म्हणाले.

गुरुजी व्हर्नाक्युलर फायनलवाले, म्हणजे मराठी सातवी पास, इंग्रजीचा गंधही नव्हता. पण हट्टाला पेटले. मनोरमा सुके बोंबील बांधून पाठवायची ते इंग्रजी वर्तमानपत्रांचे वासाचे कागद त्यांनी डिक्शनरी घेऊन वाचून काढले. तलासरीच्या दुकानातल्या रेडिओवर इंग्रजी बातम्या ऐकून उच्चार घोटले.

स्वागताचं भाषण असं खणखणीत झालं की साहेब बघतच राहिले. बदलीचं आता चहाच्या वेळी काढायचं, असं गुरुजींनी ठरवलं. तेवढ्यात साहेब उठले, गुरुजींच्या खांद्यावर हात ठेवून हसत हसत इंग्रजीत काही बोलले आणि 'सांगा यांना' अशी खूण केली.

"काय बोलला सायेब, गुरजी?" पुढं बसलेल्या बायजानं विचारलं.

सगळं गाव कान देऊन बसलं होतं. गुरुजींनी शब्द न् शब्द मराठीत सांगितला.



"साहेब म्हणतात, असा मास्तर या मुलखात पुन्हा मिळायचा नाही. मी आहे तोवर तुमच्या गुरुजींना इथून कुणीही हलवणार नाही."