अडीच टाळ्या

डेरिक बोलायला उभा राहिला तसे ग्लेनिसचे बशा मांडणारे हात थांबले. आता तीच गोष्ट येणार, हे तिला माहीत होतं. फक्त आज ती ऐकायला 'पेल हार्बर'चे ऑर्गनवादक ऑब्री फेन स्वतः आले होते. पहिल्या रांगेत, आखडलेली बोटं मांडीवर जुळवून बसले होते.

'पेल हार्बर' हा बँड मोडून चाळीस वर्षं झाली होती. त्याचे चाहते मात्र दर ऑक्टोबरात एका शनिवारी दुपारी इंग्लंडमधल्या लीक गावी चर्चच्या हॉलमध्ये जमायचे. एकेकाने उठून आपली आठवण सांगायची, आणि बाकीच्यांनी तिच्यातल्या चुका काढायच्या, असा रिवाज. मघाशी मॅल्कमने सांगितलं की स्टेजमागच्या दाराशी ड्रमवाल्याने त्याला आपलं अर्धं सँडविच दिलं होतं. तो बुधवार नव्हता, गुरुवार होता, हे तिघांनी त्याला लगेच पटवून दिलं. सँडविचबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

डेरिकची आठवण त्र्याहत्तर सालची, हॅन्लीतल्या कार्यक्रमाची. बावीस मिनिटांची ती रचना. ऐन मध्यावर सगळी वाद्यं थांबतात. हॉल श्वास रोखून बसलेला. या मंडळींत मध्येच टाळी वाजवणं म्हणजे प्रार्थना चालू असताना शिट्टी मारणं. आणि नेमकी तेव्हाच मागून एक पोरगी टाळ्या वाजवते. दोन पूर्ण, तिसरी अर्धी. मग ऑर्गन सुरू होतो. त्या दिवशी रेकॉर्डिंग चालू होतं, त्यामुळे अडीच टाळ्या तबकडीवर कायमच्या बसल्या.

"पन्नास वर्षं ऐकतोय मी त्या बयेला," डेरिक म्हणाला. "तिला वाटलं, संपलं. बस गाठायची असेल."

सगळे हसले. दरवर्षी याच जागी हसायचे.

ती पोरगी ग्लेनिस होती. हॉलमध्ये हे कुणालाच ठाऊक नव्हतं, डेरिकलाही नाही. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती. पहिल्यांदा त्याने ही गोष्ट सांगितली तेव्हा ती नुसती हसली होती. पुढे सांगायचं राहत गेलं, आणि मग सांगायची लाज वाटू लागली. चहाच्या खिडकीमागे उभं राहायचं काम तिने आपणहून मागून घेतलं होतं, ते याच पाच मिनिटांसाठी.

डेरिक खाली बसला नाही. एवढी वर्षं मनात असलेलं एक विचारतो, म्हणाला. "मिस्टर फेन, त्या दिवशी तिचा राग आला होता का तुम्हाला?"

ग्लेनिसने हातातली बशी हलकेच खाली ठेवली.

फेननी जुळवलेली बोटं सोडवली. मग म्हणाले, "माझी मोजणी सुटली होती."

कुणाला काही कळलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं. सात मात्रांची दोन आवर्तनं थांबायचं आणि मग ऑर्गनने शिरायचं, असं ठरलेलं. पाच सेकंदांचं काम. पण मध्येच डोकं रिकामं झालं. हात वर उचललेले, ड्रमवाला यांच्याकडे बघतोय, हे त्याच्याकडे. कुठे शिरायचं, कुणालाच माहीत नाही. पाचाचे अकरा सेकंद झाले. "त्या टाळीवर शिरलो. ती वाजली नसती तर अजून तिथेच उभा असतो."

"त्या अकरा सेकंदांवर मी नऊ पानांचा लेख लिहिलाय," मॅल्कम क्षीण आवाजात म्हणाला.

"वाचला मी. चांगला आहे."

हसणं ओसरल्यावर फेन म्हणाले की त्या मुलीला एकच विचारायचं राहून गेलं. तिला खरंच वाटलं होतं का, की संपलं?

"नाही."

आवाज चहाच्या खिडकीतून आला. खुर्च्या करकरल्या, माना वळल्या. ग्लेनिसचे कान तापले होते, पण आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता.

"अजून बरंच बाकी आहे, हे माहीत होतं मला," ती फेनना म्हणाली. "पण राहवलं नाही. सोळा वर्षांची होते मी."

कुणीही हसलं नाही. मॅल्कमने सवयीने वही उघडली आणि रांग विचारली. अठरावी, तिने सांगितलं. मग तिसरी टाळी अर्धीच का, असंही त्याने विचारलं. हे कोडं त्याला लेखातही सुटलं नव्हतं.

"पुढच्या रांगेतल्या एका मुलाने मागे वळून 'श्श' केलं." ती डेरिककडे बघत नव्हती. "हिरवा स्वेटर होता. कोपरावर उसवलेला."

डेरिक हळूहळू खाली बसला.

"आईने विणलेला," तो म्हणाला.

फेननी तोंडावर हात धरला. खांदे मात्र हलत होते.

"पुढे नाताळच्या पार्टीत आपली ओळख झाली," डेरिक म्हणाला, "तेव्हा ओळखलं होतंस तू मला?"

"तू दारातून आत आलास तेव्हाच."

"आणि तरी लग्न केलंस माझ्याशी?"

ग्लेनिस खिडकीमागून बाहेर आली. ॲप्रनला हात पुसत दोन रांगांच्या मधून चालत आली.

"त्या दिवशी सगळं संपल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि थांबले," ती म्हणाली. "दिवे लागले, माणसं उठून जायला लागली. एकटा तूच वाजवत होतास. तुला 'श्श' करायला मी मागेच बसले होते. पण नाही केलं."

डेरिकने तिला बसायला शेजारच्या खुर्चीवरचा आपला कोट उचलून मांडीवर घेतला.